रुदलचं न आटणारं पिंप

तेतरीने हंडा चुलीवर चढवला की अख्ख्या सहनी टोल्याला, मासेमारांच्या त्या वस्तीला, कळायचं. सांगायला वाराच जायचा. कहलगावच्या मासळीबाजारात जे कुणी फुकटही नेत नाही ते सगळं, आतडी, गलफडं, पोटातली पिवळी चरबी, ती रोज दोन बादल्या भरून आणायची आणि मंद आचेवर तासन्‌तास कढवायची. वर तरंगणारं तेल ओगराळ्याने अलगद काढायचं, फडक्याने गाळायचं, आणि खवट होऊ नये म्हणून त्यात भाजलेली मेथी टाकायची. मेथीची अक्कल तिची स्वतःची. आईने शिकवली नव्हती, सासूने तर नाहीच नाही.

"भौजी, आज कोण मेलं गं?" घाटाकडे जाणारा प्रत्येक दीर नाक धरून विचारायचा.

"तुझी अक्कल," तेतरी म्हणायची. "कालच गेली बिचारी. तेराव्याला ये जेवायला."

बचवा आणि घेरुआ हे गंगेतले दोन मासे तेलाचे वेडे. डेंगी, म्हणजे लहान होडी, धारेला सोडायची, तेलात भिजवलेलं गोणपाट बांबूला बांधून पाण्यातून ओढायचं. तवंग पसरला की मासे तळातून वर धावतात. मग ज्याचा हात चपळ त्याने गळ टाकावा. ही विद्या बापआजोबांची. फक्त बापआजोबा त्या तेलासाठी सोंस मारायचे. लांब चोचीचा, आंधळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा गंगेतला डॉल्फिन. श्वासाला वर येतो तेव्हा सूंऽस करतो आणि पुन्हा बुडतो. पुढे सरकारने इथली गंगाच सोंसांसाठी राखून टाकली आणि घाटावर पाटी लावली, की मारेल तो तुरुंगात जाईल. त्या पाटीवर बायका ओल्या साड्या वाळत घालतात, त्यामुळे ती वाचायला मिळते फक्त पावसाळ्यात.

तेतरीला पाटीची गरज पडली नव्हती. ती नवी नवरी असताना सासऱ्याने एक सोंस घाटावर ओढून आणली होती. पोटावर सुरी फिरवली तर रक्ताआधी दूध आलं. ते तिच्या पावलांवर उडालं. नव्या नवरीला कोण विचारतं, म्हणून ती बोलली काहीच नाही. पण या हातांनी सोंसाचं तेल कढवणार नाही हे तिने तिथेच ठरवलं. मग कशाचं कढवायचं, हे शोधायला तिला अकरा वर्षं लागली.

आणि तेल झालं होतं झकास. टोल्यातली निम्मी घरं तिचंच तेल वापरायची, नाक धरून का होईना. उरलेल्या निम्म्यांनीही वापरलं असतं, पण टोल्यात रुदल सहनी होता आणि रुदलकडे पिंप होतं.

रुदलसारखा गळ इथून सुलतानगंजपर्यंत कुणी टाकत नव्हतं, हे त्याचा शत्रूही कबूल करील. पाच वर्षांपूर्वी त्याने एका सोंसाचं तेल काढून कमरेएवढं लोखंडी पिंप भरलं. सोंस जाळ्यात अडकून मेला होता असं तो म्हणायचा. आपण काही शपथेवर विचारलं नाही. हिशेबाने ते तेल पहिल्याच फाल्गुनात संपायला हवं होतं. दुसरा फाल्गुन गेला, तिसरा, चौथा, पाचवाही गेला, तेल होतंच. रुदल सांगायचा, ही गंगामैयाची कृपा. म्हाताऱ्या येऊन पिंपाला शेंदूर लावायला लागल्या. त्याच्या बायकोला, जिरियाला, स्वप्नात येऊन मैयाने बजावलं होतं म्हणे, की तेल घरच्या लक्ष्मीनेच काढायचं, पुरुषाने आत डोकवायचं नाही. डोकावला की बरकत गेली. रुदल कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, पण मैयाचं ऐकायचा.

ही जिरिया म्हणजे मूठभर बाई. भांडण दिसलं की भिंतीला लागून चालणारी. महिन्यातून एकदा ती मागच्या दाराने तेतरीकडे यायची आणि गुडघ्याला चोळायला म्हणून डबाभर तेल न्यायची.

"काय गं, इतकं तेल चोळतेस," तेतरी एकदा म्हणाली, "एव्हाना तो गुडघा तुला इथे ठेवून एकटाच पाटण्याला पोचायला हवा होता."

जिरिया हसली आणि डबा पदराखाली घेऊन निघून गेली.

या वर्षी छठपूजा आठ दिवसांवर आली आणि नळावर पाणी भरताना तेतरीच्या कानावर एक गोष्ट पडली. घोल्टन आणि त्याच्या वयाचे तिघे तरणे गडी रुदलकडे भाला मागायला गेले होते. त्यांनाही पिंप हवं होतं. टोल्याच्या खालच्या अंगाला गंगा वळते तिथल्या डोहात भुरी राहायची. पाठीवर फिकट डाग असलेली सोंस, म्हणून भुरी. बारा वर्षं ती तिथेच होती आणि यंदा तिच्या कुशीला पिल्लू होतं. पिल्लू सोडून ती पळणार नाही, म्हणजे भाला चुकणार नाही, असा घोल्टनचा हिशेब. रुदलने भाल्याला नाही म्हटलं नव्हतं. "छठ होऊ दे, मग ने," म्हणाला होता.

तेतरीने भरलेली घागर नळावरच सोडली आणि तडक मुसाफिर बाबांची ओसरी गाठली. मुसाफिर बाबा टोल्याचे पंच. दात गेले, नाकपुड्या तपकिरीने गेल्या, पण शब्द अजून चालायचा. बाबांनी रुदलला बोलावलं. रुदलमागून घोल्टन आला, घोल्टनमागून अर्धा टोला आला. आपल्याकडे तमाशाला आमंत्रण लागत नाही.

"सोंसाच्या तेलाला दुसरं तेल नाही," रुदल पाय पसरून म्हणाला. "भौजी, राग मानू नको. तुझं तेल बायकांच्या दिव्यात घालायला ठीक आहे. मासा काही खुळा नाही. त्याला असली काय, कचरा काय, बरोबर कळतं. मला तर डोळे बांधून वासावरून सांगता येतं."

"नाक तुझं मोठं आहेच, कबूल," तेतरी म्हणाली. "मग होऊन जाऊ दे की. छठ झाल्यावर, उगवतीपासून दुपारपर्यंत. एक डेंगी तुझी, एक माझी. धार एकच. तू तुझ्या पिंपातलं तेल घे, आमचे हे माझं घेतील."

'हे' म्हणजे बिसुनी, तिचा नवरा. टोल्यातला दोन नंबरचा गळवाला. तो कोपऱ्यात बसून खैनी मळत होता. आपलं नाव निघताच त्याच्या हातातली खैनी सांडली.

"आणि हरलीस तर?" घोल्टनने विचारलं.

"हरले तर माझा हंडा माझ्या हाताने गंगेत बुडवीन. सोंसाचं नाव पुन्हा काढणार नाही. जा म्हणावं, मारा. पण जिंकले तर टोल्यात तेल फक्त माझं, आणि भुरीच्या अंगाला कुणी काडीही लावायची नाही. बाबा, तुमचा शब्द?"

बाबांनी तपकिरीची चिमूट ओढली. "शब्द," ते म्हणाले.

घरी जाताना बिसुनी कुरकुरला, "अगं, पण रुदलचा हात..."

"तुमचा हात काय मेहंदीला ठेवलाय? तेल माझं आहे. चला."

छठ झाली. घाटावर ऊस आणि केळीचे खुंट अजून पडलेले होते, लोकांच्या घरी प्रसादाचा ठेकुआ उरलेला होता, आणि सकाळच्या धुक्यात सगळा टोला तोच ठेकुआ चावत किनाऱ्यावर जमला. दोन्ही बाटल्या मुसाफिर बाबांपुढे ठेवल्या गेल्या. बाबांनी दोन्हींचा वास घेतला आणि मान हलवली; त्यांना घाटाखाली मेलेली म्हैसही जाणवली नसती. प्रत्येक डेंगीत दुसऱ्या बाजूचा एक साक्षीदार बसायचा होता. तेतरीच्या डेंगीत घोल्टन चढला.

"आता एकमेकांचं तेल तपासून घ्या," बाबा म्हणाले.

"मी नाही तो कचरा नाकाला लावणार," रुदल म्हणाला. लोक हसले.

तेतरीने मात्र रुदलची बाटली उचलली आणि बूच काढलं. आधी गंजाचा वास आला. मग जुन्या, मुरलेल्या सोंसाचा, तोच पावलांवर उडालेला दिवस. आणि त्याच्या खालून, अगदी हळूच, तिच्या स्वतःच्या चुलीचा. भाजलेली मेथी.

तिने पुन्हा वास घेतला. मेथीच. ती या घाटावर दुसरं कोण टाकतं?

तिने वर पाहिलं. बायकांच्या घोळक्यामागे, भिंत नव्हती म्हणून बाभळीला लागून जिरिया उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने तेतरीकडे पाहून नको म्हणून मान हलवली, हलवली न हलवली अशी.

पाच वर्षांचा सगळा हिशेब तेतरीच्या डोक्यात एका दमात लागला. गुडघा, डबा, स्वप्न, बरकत. तिला एकदम हसू फुटणार होतं. आत्ता तोंड उघडलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. पण रुदल म्हणजे रुदल. जाळं फाडलं म्हणून सख्ख्या भावाला त्याने घराबाहेर काढलं होतं, आणि त्या भावाने पुन्हा या टोल्यात पाय ठेवला नव्हता. जिरियाला तर जायला जागाच नव्हती. तिचं माहेर सहा पावसाळ्यांपूर्वी गंगेने कड्यासकट गिळलं होतं. माणसं अजून बंधाऱ्यावर ताडपत्रीखाली राहत होती.

तेतरीने बूच घट्ट बसवलं.

"काय भौजी, पटलं का?" रुदलने विचारलं.

"चांगलं तेल आहे," तेतरी म्हणाली. "खरंच चांगलं आहे. याच्यासारखं दुसरं नाही."

बिसुनीच्या कानाशी मात्र ती एवढंच म्हणाली, "आज रुदलपेक्षा एक तरी मासा जास्त काढा, नाहीतर संध्याकाळी चूल तुम्ही पेटवा." भांडण तेलाचं उरलंच नव्हतं. दोन्हीकडे तेल तिचंच होतं. आता सगळं बिसुनीच्या मनगटावर होतं, आणि ते मनगट तीस वर्षं ओळखत असूनही तिने त्याच्यावर विश्वास टाकला. दुसरा इलाज नव्हता, पण टाकला तो पूर्ण टाकला.

डेंग्या सुटल्या. धुकं उठलं तसे दोन तवंग पाण्यावर चमकायला लागले. किनाऱ्यावरून पोरं मोजत होती, म्हातारे चुकवत होते. बिसुनी त्या दिवशी जसा खेळला तसा जन्मात खेळला नव्हता. सूर्य कासराभर वर येईपर्यंत तो दोन माशांनी पुढे होता, घोल्टन साक्षीदार असूनही विसरून "काका, डावीकडे!" असं ओरडत होता. मग रुदलने अंगातला सदरा काढला, गमछा डोक्याला बांधला आणि तो उभ्याने गळ टाकायला लागला. त्या माणसाचा हात पाण्याला लागायच्या आत मासा वर असायचा. दुपारी बाबांनी काठी उंचावली तेव्हा वाळूवर दोन ओळी मांडल्या गेल्या. बिसुनीचे एकावन्न. रुदलचे अठ्ठावन्न.

घाट दणाणला. बिसुनी डेंगीतून उतरेना. तेतरीने जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला खाली उतरवलं. "एकावन्न थोडे नसतात," ती म्हणाली.

"भौजी, हंडा!" कुणीतरी आठवण करून दिली. गावात असला एक माणूस असतोच.

हंडा तिने सकाळीच घाटावर आणून ठेवला होता, जिंकल्यावर पूजा करायची म्हणून. काळाकुट्ट, बुडाला दोन ठिगळं. तिने तो कमरेवर घेतला आणि पाण्यात उतरली. घोटे, पोटऱ्या, गुडघे. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर जिरिया दिसली असती, आणि मग तिच्यावर उगाच ओझं झालं असतं. शब्द दिला होता तो तेतरीने. भुरीचं काय करायचं ते उद्या बघू, नाव न काढता डोहापुढे डेंगी आडवी घालून बसू, काहीतरी करू. हंडा नसला म्हणून बाई संपत नाही.

"थांब दिदी!"

आवाज इतका मोठा होता की तो जिरियाचा आहे हे आधी कुणालाच कळलं नाही. ती बायकांना बाजूला सारत सरळ पाण्यापर्यंत आली आणि नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा पदर पडला होता आणि तो तिने सावरला नाही.

"ते तेल हिचंच आहे," ती म्हणाली. "तुमच्या बाटलीतलं. पिंपातलं. सगळं."

"काय बरळतेस?" रुदल म्हणाला.

"पिंप पहिल्याच फाल्गुनात संपत आलं होतं. संपलं की तुम्ही भाला काढणार होता. भुरीलाच मारणार, असं तुम्हीच म्हणाला होता. आणि मारलं असतं तर पोलीस तुम्हाला धरून घेऊन गेले असते. मी कुणाकडे गेले असते? माहेर म्हणून माझ्याकडे एक ताडपत्री आहे." तिला धाप लागली, पण ती थांबली नाही. "म्हणून मी गुडघ्याचं निमित्त करून थोडं थोडं हिचं तेल आणून वरून ओतत गेले. दर महिन्याला डबाभर. मला स्वप्नबिप्न काही पडलं नाही. तुम्ही आत डोकवू नये म्हणून मीच पाडलं. ज्या मैयाला सगळे शेंदूर लावतात ना, ती मैया मी आहे."



रुदलने आपली बाटली उचलली. बोट बुडवलं, वास घेतला. मग बोट जिभेला लावलं आणि ते तसंच तोंडाशी धरून उभा राहिला.

पहिला हसला तो घोल्टन. "काका, पाच वर्षं तुम्ही गुडघ्याचं तेल ओतत होता!" मग सगळा घाट फुटला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. रुदलच्या मानेची शीर ताठ झाली. जिरियाने डोळे मिटले, पण पाय मागे घेतला नाही.

तेतरी हंड्यासकट पाण्यातून बाहेर आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"दात काय काढतोस रे?" तिने आधी घोल्टनला धरलं. "अठ्ठावन्न मासे तू काढलेस का? एका तेलावर एकाने एकावन्न काढले, एकाने अठ्ठावन्न. ते सात कुठून आले? सांग की." मग ती रुदलकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "बाबू, पाच वर्षं तू म्हणत होतास सोंसाची कमाल, सोंसाची कमाल. सोंसाने तुला काही दिलं नाही. तो हात तुझा होता. उगाच दुसऱ्याला मान देत बसलास. तेल माझं आणि हात तुझा, आता ज्याला हसायचंय त्याने तसा गळ टाकून दाखवावा आणि मग हसावं."

कुणी हसलं नाही. रुदलने एकदा तेतरीकडे पाहिलं, एकदा जिरियाकडे. मग पाठ फिरवून घराकडे चालू लागला.

"झालं," बिसुनी पुटपुटला. "आता हिचं गाठोडं बाहेर येणार."

जिरिया वाळूवर बसली. तेतरीने तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला. "माझ्या घरात जागा आहे," ती म्हणाली. "वास सहन होत असेल तर."

"सवय आहे दिदी," जिरिया म्हणाली.

रुदल परत आला तेव्हा त्याच्यापुढे पिंप घरंगळत येत होतं आणि खांद्यावर भाला होता. लोक दोन्ही बाजूंना सरकले. घाटावर येऊन त्याने पिंप उभं केलं आणि झाकण काढून, पाच वर्षांत पहिल्यांदा, आत डोकावला. तळाशी बोटभर तेल होतं आणि मेथीचा ओंजळभर चोथा.

मग त्याने भाल्याचं पातं दगडावर ठोकून ठोकून सैल केलं, ओढून काढलं आणि धारेत लांब भिरकावलं. नुसता बांबू उरला. तो त्याने पिंपाच्या दोन कड्यांतून आरपार घातला आणि एक टोक खांद्याला लावलं.

"बिसुनीभैया," तो म्हणाला, "दुसरं टोक धर. भौजीच्या चुलीपर्यंत न्यायचंय."

बिसुनीने धरलं. मुसाफिर बाबा उठले, लटपटत जिरियापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. "मैया," ते म्हणाले, आणि चेष्टा करत नव्हते. त्यांच्यामागे घोल्टनही वाकला. "ऊठ गं मैया," तेतरी तिला हाताला धरून उठवत म्हणाली, "तुझी पालखी पुढे गेली." वळणाच्या डोहात भुरी वर आली, सूंऽस करून खाली गेली, तिच्यामागोमाग पिल्लू.

वाटेत रुदलने मान न वळवता बायकोला विचारलं, "गुडघा खरंच दुखतो का गं?"

"नाही," जिरिया मागून म्हणाली. "कधीच नाही दुखला."

"हं." चार पावलं पुढे जाऊन त्याने बांबू खांद्यावर नीट घेतला. मग तेतरीला म्हणाला, "भौजी, या खेपेला मेथी जरा कमी घाल. फार वास येतो."

"पाच वर्षं नाही आला तो?" तेतरी म्हणाली, आणि चूल पेटवायला पुढे गेली.